घर ‘नीट’ असणं म्हणजे काय?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यंदा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची निवडणूक होती. नावं ठरवायला दहा-बाराजण उपासनेनंतर मागच्या खोलीत बसलो होतो आणि दोन नावांवर गाडी अडली. पहिले गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून लहान मुलासकट माहेरी आली, आणि त्यांनी तिला परत पाठवलं नाही. दुसरे गृहस्थ चांगल्या नोकरीतले, मंडळीला उत्पन्नाचा दशमांश वेळेवर देणारे, मुलं पुढच्या बाकावर ओळीने बसणारी. त्यांची बायको कधी मान वर करून बोललेली कुणी पाहिलेली नाही. ती का बोलत नाही हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. भिंती काही इतक्या जाड नसतात. कुणीतरी शास्त्र उघडलं, पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, तिसरा अध्याय, पाचवं वचन. ज्याला आपलं घर चालवता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? झालं. शिक्षकांचं ‘घर नीट नाही’ म्हणून त्यांचं नाव गळालं, दुसऱ्यांचं एकमताने पुढे गेलं. मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो, हेही सांगून टाकतो.

पुढे आठवडाभर वाद रंगला, पण तो ज्या रीतीने रंगला त्याने माझी जास्त पंचाईत केली. एका बाजूचं म्हणणं, घर हा चारित्र्याचा आरसा आहे. मुलं वळणात नाहीत, मुलगी परत आली, म्हणजे बापाच्या प्रार्थनेत आणि संस्कारात कुठेतरी खोट असणारच. दुसरी बाजू म्हणे, माणसाचं घर हा त्याचा खाजगी मामला, अंतःकरण फक्त देवाला दिसतं, आपण काम पाहावं. दोन्ही बाजू वचनं फेकत होत्या आणि दोघांनाही आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलतो आहोत असं वाटत होतं. प्रत्यक्षात दोघांनीही एकच गोष्ट नजरेआड केली होती, ती म्हणजे तो माणूस घरात वागतो कसा. माझं म्हणणं एवढंच आहे की ख्रिस्ती समजुतीप्रमाणे माणसाचं आतलं चारित्र्य घरात दिसतं हे खरं, पण ते घराच्या निकालात दिसत नाही. लेकरं कशी निघाली, संसार टिकला की मोडला, यावरून ते कळत नाही. घरातल्या ज्या माणसांवर आपली सत्ता चालते, त्यांच्यावर आपण ती कशी चालवतो, त्यावरून कळतं.

आधी शास्त्राकडेच जाऊ, कारण वाद शास्त्रावरून चालला होता. पाचवं वचन वाचणाऱ्यांनी तिसरं वाचलं असतं तर बरं झालं असतं. मंडळीचा अध्यक्ष कसा नसावा याची जी यादी पौल देतो, तिच्यात आपल्या मराठी भाषांतरात एक रोखठोक शब्द आहे: ‘मारका’. पाचव्या वचनावरून एकाला बाद करणाऱ्यांनी दोनच ओळी वरचा हा शब्द ओलांडून दुसऱ्याला निवडलं. आणि पाचव्या वचनातही नीट पाहिलं तर पौल क्रियापद बदलतो. घराबद्दल बोलताना तो जे ग्रीक क्रियापद वापरतो त्यात पुढे उभं राहणं आहे, चालवणं आहे आणि काळजी वाहणंही आहे. मंडळीबद्दल बोलताना मात्र तो दुसरंच क्रियापद घेतो, आणि नेमकं तेच लूकच्या शुभवर्तमानात दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात येतं. रस्त्यावर अर्धमेल्या पडलेल्या माणसाच्या जखमांना तेल-द्राक्षारस लावून, पट्टी बांधून, उतारशाळेत नेऊन शोमरोनी त्याची जी काळजी घेतो, त्या काळजीचा हा शब्द. म्हणजे घर चालवता येणं म्हणजे काय, याचा खुलासा लेखकानेच करून ठेवला आहे. शिस्त लावता येणं एवढाच अर्थ असता तर रोमी पलटणीतला कुठलाही शताधिपती मंडळीचा अध्यक्ष व्हायला लायक ठरला असता.

आता समोरच्यांचा चांगला मुद्दा. त्याच परिच्छेदात मुलं आज्ञेत असावीत असंही म्हटलंय, ते मी गिळून टाकणार नाही. एलीची गोष्ट तर आमच्या संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. शिलोचा याजक एली, त्याची मुलं हफनी आणि फिनहास अर्पणाचं मांस पळवणारी, देवळाच्या दारात गैर वागणारी, आणि बापाच्या घराण्यावर शिक्षा आली. बघा, पोरं बिघडली की बापाला जाब द्यावा लागतो, असा तिचा बोध सांगितला जातो. पण बायबलमधल्या त्याच पुस्तकात पाचच अध्याय पुढे शमुवेल संदेष्टा म्हातारा होतो. त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्यायाधीश म्हणून बसतात, लाच खातात, न्याय विपरीत करतात. निकाल तोच, आणि तरी शमुवेलाला एका अक्षराने दोष दिलेला नाही. फरक कुठे आहे? एलीबद्दल शास्त्र स्पष्ट सांगतं की मुलं काय करतात हे त्याला माहीत होतं आणि त्याने त्यांना आवरलं नाही. अपराध मुलं तशी निघण्याचा नाही, डोळ्यांदेखत दुबळ्यांवर अन्याय होत असताना हात आखडण्याचा आहे. या मापाने आमच्या खोलीतल्या प्रकरणात एली कोण होता? मुलीला मार खायला परत न धाडणारा बाप, की सगळं माहीत असून मान डोलावणारी दहा-बारा माणसं?

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या बापाला तरी आम्ही पंचकमिटीत घेतलं असतं का? एक पोरगा वाटणी घेऊन परागंदा झालेला, दुसरा अंगणात रुसून बसलेला. ‘घर नीट’ नसल्याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला हवा?

दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचा युक्तिवाद जास्त शिकलेला आहे आणि म्हणून जास्त फसवा. ‘माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो’ हे वाक्य तिचं ब्रह्मास्त्र. ते कुणाला आणि कधी सांगितलं हे मात्र कुणी पाहत नाही. इशायाच्या घरी राजा निवडायला गेलेला शमुवेल थोरल्या अलीयाबाची उंची आणि रुबाब पाहून भाळला, तेव्हा त्याला थांबवण्यासाठी हे वाक्य आलं. ते निवडणाऱ्याला झापणारं वाक्य आहे. दिसायला टापटीप म्हणून निवडू नकोस, असा त्याचा रोख. आम्ही तेच वाक्य टापटीप माणसाच्या बचावाला लावलं. आतलं देवालाच कळतं, तर मग आमच्यासारख्यांनी विचारूच नये, असा अर्थ काढला. येशूने तर झाड फळांवरून ओळखा म्हणून सरळ सांगून ठेवलंय. अंतःकरण झाकलेलं असतं, फळ झाडावर उघडं लटकत असतं.

आतबाहेरच्या या प्रश्नावर येशू सर्वांत रोखठोक बोलला तो मार्कच्या सातव्या अध्यायात. बाहेरून आत जाणारं अन्न माणसाला विटाळवत नाही, आतून बाहेर येतं ते विटाळवतं. हे वाक्य आपण आध्यात्मिक सुभाषितासारखं वापरतो, पण त्याच्या आधीच्याच परिच्छेदात त्याने उदाहरण कुठलं दिलंय? ‘कुर्बान’चं. म्हाताऱ्या आई-बापांना पोसायची वेळ आली की मुलगा म्हणणार, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते मी देवाला अर्पण केलंय, आणि धर्माचे जाणते त्याला पाठिंबा देणार. परूशांचा, म्हणजे या कर्मठ जाणत्यांचा, दंभ दाखवायला त्याने ना मंदिरातला घोटाळा निवडला ना रोमी दरबार. स्वयंपाकघर निवडलं, जिथे म्हातारी उपाशी आहे आणि मुलगा भक्त म्हणून मिरवतो आहे. आज ‘कुर्बान’ म्हणणारा कुणी नाही, पण मंडळीच्या कामापुढे घराला वेळ मिळत नाही असं अभिमानाने सांगणारे मी चिक्कार पाहिले आहेत.

तरीही ‘काम पाहा’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि मंडळीच्या इतिहासात त्याचं वजनही आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मोठी फूट पडली. छळाच्या काळात ज्यांनी भिऊन शास्त्राच्या पोथ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, त्यांच्या हातचे बाप्तिस्म्यासारखे संस्कार खरे धरायचे का? डोनॅटस पंथाचे लोक म्हणाले, नाही. ३१४ साली आर्लच्या धर्मसभेने त्यांच्याविरुद्ध कौल दिला आणि पुढे ऑगस्टीनने वर्षानुवर्षं लेखणी झिजवून तो पक्का केला. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही, त्यामुळे याजक नालायक निघाला तरी बाप्तिस्मा खोटा होत नाही. हा शहाणपणाचा निर्णय होता. नाहीतर प्रत्येक माणूस आपल्या पाळकाचं अंतःकरण तपासत बसला असता. पण तो निर्णय बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी होता. नालायक ठरलेल्याची खुर्ची शाबूत राहावी म्हणून नव्हता. पाण्याला दोष लागत नाही म्हणून गळकी घागर तशीच डोक्यावर घ्यायची का?

या मुद्द्यावर मराठी माणसाला स्वतःच्या घरातलं उदाहरण घ्यावं लागतं, कारण त्यात आपण देणेकरी आहोत. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश आणला. आपल्या भाषेच्या छपाईचा इतिहास बंगालमधल्या श्रीरामपूरच्या त्याच्या छापखान्याला वगळून लिहिता येत नाही. पण १७९३ साली हा माणूस बंगालला निघाला तेव्हा त्याची बायको डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती. शेवटी बहीण सोबत येणार असेल तरच येते म्हणाली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि त्यानंतर तिचं मन जे ढळलं ते सावरलंच नाही. २८ डिसेंबर १८०० रोजी श्रीरामपूरला हुगळीच्या घाटावर कृष्ण पाल या सुताराचा आणि केरीच्याच थोरल्या फेलिक्सचा बाप्तिस्मा झाला. मिशनच्या इतिहासात तो सोन्याचा दिवस. त्या दिवशी डोरोथी आपल्या खोलीत कोंडलेली होती, आणि तिचा आक्रोश बंगाली स्तोत्राच्या सुरात मिसळत होता. १८०७ साली ती गेली. मुलांना वळण लावलं ते बरंचसं मिशनमधल्याच हॅना मार्शमनने. बाप फार सौम्य, त्याला वाईट दिसे पण इलाज करवत नसे, असं तिचं निरीक्षण होतं.

या गोष्टीत केरी खलनायक नाही, आणि त्याला तसं रंगवणं मला सोपं आणि खोटं वाटतं. त्याने डोरोथीला टाकलं नाही, तिच्यावर हात उगारला नाही, घरातच सांभाळलं. माझी तक्रार त्याच्या चरित्रकारांशी आणि आमच्या व्यासपीठावरच्या वक्त्यांशी आहे. ते डोरोथीला ‘केरीने केलेला त्याग’ म्हणून सांगतात. त्याग स्वतःचा करायचा असतो, दुसऱ्याच्या आयुष्याचा नाही. व्याकरण त्याच्या जागी उभं आहे, त्यातला एक नियमही डोरोथीमुळे चुकीचा ठरत नाही. पण व्याकरणाच्या खात्यातली जमा डोरोथीच्या खात्यात वळती करता येत नाही. देणगी आणि चारित्र्य ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाच्या शिलकेवर दुसऱ्याचं कर्ज फेडण्याची सवय मंडळीला महागात पडते. चेन्नईत जन्मलेले, ख्रिस्ती विश्वासाचं तर्काने समर्थन करणारे जगप्रसिद्ध वक्ते रवी झकारायस २०२० मध्ये वारले. त्यांच्याच संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला आणि त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यात नोंदलं गेलं. त्यांच्या हयातीतच एका स्त्रीने तक्रार केली होती. तेव्हा अनेकांनी तिचं म्हणणं मोजलं नाही, त्यांचं काम मोजलं.

उलट दिशेचं उदाहरण नगरचं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता घेतला, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ते सोडून जाणंच होतं. जवळजवळ पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको आणि मुलगा दुसरीकडे. माणूस तापट, लहरी. पैसा हातात ठरायचा नाही. आमच्या मागच्या खोलीच्या मापाने टिळक पहिल्याच फेरीत बाद. पण ती परत एकत्र राहायला आली तेव्हा आपलं सोवळं-ओवळं घेऊन आली, आणि त्यांनी तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. त्या काळात नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हे कुणी वेगळं सांगायचीही गरज नव्हती. तो अधिकार हातात असताना त्यांनी वापरला नाही. ती आपल्या पायांनी, आपल्या गतीने, स्वतःशी भांडत १९०० साली बाप्तिस्म्यापर्यंत पोचली.

हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं? तिनेच. टिळकांच्या पश्चात तिने लिहिलेल्या आठवणींत नवऱ्याच्या फजितीची इतकी प्रकरणं आहेत की वाचताना हसू आवरत नाही, आणि एकाही ओळीत भीतीचा वास नाही. घर नीट आहे की नाही हे ठरवायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं माप नाही. सर्वांत कमी सत्ता असलेलं माणूस तिथे मोकळेपणी बोलतं का? हसतं का? मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या वेस्ली बंधूंचे वडील सॅम्युएल इंग्लंडमधल्या एपवर्थचे पाळक होते. राजा विल्यमसाठी केलेल्या प्रार्थनेला बायको सुझॅना ‘आमेन’ म्हणाली नाही, कारण तिच्या लेखी खरा राजा दुसराच होता. तेव्हा ते म्हणाले, राजे दोन असतील तर बिछानेही दोन हवेत, आणि कित्येक महिने घर सोडून गेले. गावाला वाटलं असेल, पाळकीणबाई हट्टी. शांत घर मिळवायचे दोन रस्ते असतात. एकात कुणाला भांडावंसं वाटत नाही, दुसऱ्यात कुणाची भांडायची प्राज्ञा नसते. बाहेरून दोन्ही घरं सारखीच शांत.

एक आक्षेप उरतो आणि तो प्रॉटेस्टंट माणसाच्या फार जिव्हाळ्याचा आहे. तारण कृपेने आहे, कृत्यांनी नाही. मग चारित्र्याचा हिशोब मांडणं म्हणजे मागल्या दाराने कर्मकांड आणणं नाही का? आपण सगळेच पापी, कुणी कुणाचं घर मोजायचं? प्रश्न प्रामाणिक आहे. पण कृपेवर ज्याने सर्वांत जास्त जोर दिला त्या ल्यूथरनेच १५२२ साली विवाहावर लिहिताना म्हटलं, की बाप बाळाची दुपटी धूत असेल आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसत असतील, तर देव देवदूतांसह आनंदाने हसतो. (स्वतःचं लग्न व्हायला अजून तीन वर्षं होती, म्हणजे दुपट्यांचा अनुभव ऐकीवच.) त्याने मठातली पवित्रता उचलून न्हाणीघरात आणून ठेवली. कृपेने माणूस मोफत सुटतो, पण सुटलेला माणूस काय करतो? जकातदार जक्कय सुटला तेव्हा त्याने ज्यांना नाडलं होतं त्यांना चौपट परत करीन म्हणून आकडा सांगितला. पेत्र तर नवऱ्यांना लिहितो की बायकोला मान देऊन राहा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. कृपेच्या नावाने हे वचन खोडता येतं का? घरात जो हात उगारतो त्याच हाताने जोडलेली प्रार्थना छतापाशीच अडते, असं प्रत्यक्ष प्रेषित म्हणतो आहे.

याच आक्षेपाचा धाकटा भाऊ म्हणजे ‘क्षमा कर’. मार खाणाऱ्या बाईला पाळकसाहेब, सासू, प्रार्थना सभेतल्या बाया सगळ्या सांगतात, ताई, क्षमा कर, प्रार्थना कर, तो बदलेल. क्षमा ख्रिस्ती धर्माचा कणा आहे हे मला मान्य आहे. पण ती करणाऱ्याने करायची असते, गावाने तिच्या वतीने करायची नसते. आणि क्षमा केली म्हणून त्याच घरात, त्याच मुठीखाली जाऊन राहावं असं कुठल्या अध्यायात लिहिलंय? आपल्या देशात हा उपदेश कायद्यानेही उचलून धरला होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरत होतं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नव्हता, नुसती क्रूरताही पुरत नव्हती. व्यभिचाराला क्रूरतेसारखं आणखी एखादं कारण जोडून सिद्ध करावं लागायचं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं, नवरा फक्त मारतो हे ख्रिस्ती बाईला घटस्फोटासाठी पुरेसं कारण नव्हतं. त्या वर्षांत किती ‘नीट’ घरं पुढच्या बाकावर बसली असतील!

निवडणूक गेल्या रविवारी झाली. उपासना चालू असताना शिक्षकांचा नातू चुळबुळ करायला लागला तसे ते त्याला कडेवर घेऊन बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, चिंचेखालच्या ओट्यावर बसून ते त्याला स्टीलच्या डब्यातलं बिस्किट पाण्यात बुडवून भरवत होते, आणि त्यांची मुलगी आत गायकवर्गात पहिल्या ओळीत उभी राहून मोठ्याने गात होती. मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. मी खाली मोकळ्या जागेत पेनने लिहिलं आणि खूण केली. नियमाप्रमाणे ती मतपत्रिका बाद धरली असणार.